माझ्याकडून क्लीन आहे

'पोर्ट खराब आहे' हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा मला कुणी नावाने हाकही मारलेली नाही. म्हणणाऱ्याने तो पोर्ट पाहिलेला असतोच असं नाही. पुष्कळदा त्याने स्विचही पाहिलेला नसतो. फार तर विकणाऱ्याच्या प्रेझेंटेशनमध्ये त्याचा फोटो पाहिलेला असतो. पण डेटाबेस संथ झाला की कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं. सर्व्हरची बाजू घ्यायला सर्व्हर टीम असते, डेटाबेसची बाजू घ्यायला डेटाबेस टीम असते, ॲप्लिकेशनची बाजू घ्यायला तर खुद्द मॅनेजर असतो. पोर्टची बाजू घ्यायला कुणी नसतं. त्यात पोर्टचा स्वभाव असा, की चूक कुणाचीही असो, नोंद तो स्वतःच्या नावावर करतो. एवढा प्रामाणिकपणा कुठल्याच ऑफिसात खपत नाही.

मी स्टोरेज सांभाळतो. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर 'कॉम्प्युटरवर असतो' एवढ्यावर भागवतो, कारण त्यापुढे सांगायला गेलं की समोरचा जिलबी आणायला उठतो. तुम्ही मात्र बसलाच आहात, तर सांगतो. मोठ्या कंपनीत नेटवर्कं दोन असतात. एक सगळ्यांना ठाऊक असलेलं. त्यावरून मेल येतात, मीटिंगा होतात, आणि ते बंद पडलं की पाच मिनिटांत सगळा मजला चहाला जातो. दुसरं सर्व्हर आणि डिस्क यांच्यामधलं. मोठ्या सर्व्हरचा महत्त्वाचा डेटा त्याच्या स्वतःच्या पोटात नसतो. तो दोन रांगा पलीकडच्या कपाटात, शेकडो डिस्कांवर असतो. मधे काचेच्या तंतूंची केबल आणि त्या केबली जिथे येऊन मिळतात तो स्विच. स्विचवर केबल ज्या भोकात घुसते तो पोर्ट. हे दुसरं नेटवर्क बंद पडलं की कुणी चहाला जात नाही, कारण तेव्हा चहाचे पैसे द्यायचं ॲपही बंद पडलेलं असतं.

या नेटवर्कच्या भाषेचं नाव फायबर चॅनेल. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मानक संस्थेने तिच्यावर शिक्का मारला. तिचा स्वभाव साध्या नेटवर्कपेक्षा पार वेगळा. साधं नेटवर्क मुळात हे गृहीत धरूनच बांधलंय, की वाटेत काही ना काही हरवणार. हरवलं की ते निमूटपणे पुन्हा पाठवतं, तुम्हाला कळतही नाही. फायबर चॅनेलने गृहीत धरलंय की काही हरवणारच नाही. मग एखादी फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, हरवलीच, तर सर्व्हर बसून राहतो. बराच वेळ बसतो. तीस सेकंद, कुठे कुठे साठ. मग त्याच्या लक्षात येतं की उत्तर येणार नाही, आणि तो सगळी मागणी पहिल्यापासून करतो. दोन मिलिसेकंदांत होणाऱ्या कामाला तीस सेकंद म्हणजे पंधरा हजार पट. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यासुद्धा एवढा फरक दाखवत नाहीत.

शिवाय इथे शिस्त भारी. समोरच्याने 'माझ्याकडे जागा आहे' असं सांगितल्याशिवाय एकही फ्रेम पाठवायची नाही. या जागेला क्रेडिट म्हणतात. एक फ्रेम पाठवली की एक क्रेडिट कमी. समोरच्याने 'तयार' असा छोटासा इशारा परत धाडला की ते भरून येतं. आता हा इशाराच वाटेत बिघडला तर? क्रेडिट गेलं ते गेलं. असे इशारे बिघडत राहिले की एक वेळ अशी येते, की दोन्ही पोर्ट जिवंत, दोन्ही दिवे हिरवे, आणि मधे काहीही हलत नाही. दोघंही अत्यंत सभ्यपणे एकमेकांची वाट पाहत उभे. दोन सेकंद असे गेले की स्विच स्वतःच वैतागून लिंक रीसेट करतो. अख्ख्या डेटा सेंटरमध्ये वैतागून का होईना, पण स्वतःहून निर्णय घेणारं तेवढं एकच यंत्र आहे.

पोर्टच्या प्रकृतीचं कोष्टक मला पाठ आहे. ब्रोकेड या ब्रँडच्या स्विचवर 'स्विचशो' म्हटलं की प्रत्येक पोर्टपुढे एकेक शेरा येतो. नो मॉड्यूल: भोक आहे, त्यात काही बसवलेलं नाही. नो लाइट: बसवलंय, पण पलीकडून उजेड नाही. नो सिंक: उजेड आहे, पण काय म्हणतोय ते कळत नाही. ऑनलाइन: सगळं ठीक, निदान तोंडावर तरी. आणि शेवटी फॉल्टी, म्हणजे स्विचनेच हात टेकले. दिव्यांचंही तसंच. पिवळट दिवा सावकाश मिचकावत असेल तर पोर्ट कुणीतरी मुद्दाम बंद केलाय. भराभरा मिचकावत असेल तर तो खरोखर बिघडलाय. हा फरक फोनवरून विचारून पाहा. "सर, मिचकावतोय." सावकाश की भराभरा? "मीडियम, सर."

खरा खराब झालेला पोर्ट, म्हणजे ज्याच्या मागच्या चिपनेच मान टाकली आहे असा, मी फार क्वचित पाहिलाय. बाकी सगळे पोर्ट दुसऱ्याच्या पापाचे धनी. त्या पापांचा हिशेब 'पोर्टएररशो' या आज्ञेने निघतो. हे भलं मोठं कोष्टक असतं. पडद्यावर मावत नाही, ओळी मोडून एकमेकींत घुसतात, आणि मग तेच मोडकं कोष्टक स्क्रीनशॉट काढून मोठ्या साहेबांना पाठवलं जातं. साहेबांना त्यातले मोठे आकडे तेवढे दिसतात. 'हे चार लाख काय आहे?' चार लाख म्हणजे स्विच शेवटचा चालू झाल्यापासूनची, मधल्या सगळ्या केबलबदलांसकट साचलेली बेरीज. आकडा कुणी पुसला नाही, म्हणून तो आहे. आमच्या सोसायटीच्या फलकावर थकबाकीदारांत अजून ज्या गृहस्थांचं नाव आहे, ते फ्लॅट विकून नाशिकला गेले त्याला जमाना लोटला, तसलाच प्रकार. म्हणून पहिलं काम आकडे शून्यावर आणायचं, आणि मग शांत बसून नवे किती चढतात ते बघायचं. या शांत बसण्यालाच ऑफिसात काम न करणं समजतात.

त्या कोष्टकात एक रकाना आहे, त्यावर माझा जीव आहे. फ्रेम बिघडली की नाही हे तिच्या शेवटच्या बेरजेवरून, म्हणजे सीआरसीवरून कळतं. पण स्विच घाईचा. फ्रेमचं शेपूट आत यायच्या आधीच तो तिचं डोकं पुढे रवाना करतो. शेपूट आल्यावर कळतं की बेरीज चुकली. आता डोकं तर गेलेलं. मग तो शेपटावर 'हिच्यात खोट आहे' असा शिक्का मारतो आणि पाठवून देतो. पुढच्या प्रत्येक स्विचवर चूक मोजली जाते, पण शिक्क्यासकट. शिक्का नसलेली बिघडलेली फ्रेम जिथे पहिल्यांदा सापडते, तिथल्याच तारेवर घोटाळा झालेला असतो. अशा बिनशिक्क्याच्या फ्रेमा मोजणाऱ्या रकान्याला 'गुड ईओएफ' म्हणतात. इतर सगळे रकाने सांगतात की काहीतरी झालंय. हा एकटा सांगतो कुठे झालंय. अर्थात बैठकीत याबद्दल बोलायला लागलं की लोक मोबाईल काढतात.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. एका मोठ्या ग्राहकाचं काम, रात्रीची वेळ, आणि दिवसअखेरची, म्हणजे ईओडीची, बॅच अडकलेली. सकाळी शाखा उघडायच्या आत ती संपायला हवी. अशा वेळी ब्रिज लागतो, म्हणजे सगळ्यांना एका कॉलवर गोळा करतात, ज्यांचा संबंध आहे त्यांनाही.

"माझ्याकडून क्लीन आहे," सर्व्हरवाला म्हणाला. हे त्याने 'हॅलो'च्या जागी म्हटलं.

"सर, डेटाबेस पण क्लीन आहे," डेटाबेसच्या मॅडम म्हणाल्या. "पण राइट मधूनच तीस-तीस सेकंद थांबतंय. स्टोरेज बघा."

"डिस्कांकडून क्लीन आहे," मी म्हणालो. इथे मीही परंपरा पाळली. "पण त्या सर्व्हरच्या पोर्टवर सीआरसी चढतायत. उजेड कमी येतोय."

"बघा, पोर्ट खराब आहे," चौघंजण एका सुरात म्हणाले. त्यातला एक नेटवर्क टीमचा होता. त्याचा या स्विचशी काडीचाही संबंध नव्हता, आणि हे त्याने जॉइन होताना दोनदा सांगितलं होतं.

"तर मग आत्ता आपण ॲक्शन काय घेतोय?" मॅनेजर म्हणाले. हा प्रश्न ते दर पाच मिनिटांनी विचारतात. मिनिट्समध्ये त्यांच्या नावापुढे काहीतरी यायला लागतं.

मी म्हणालो, "पोर्ट बंद करू या."

ब्रिजवर एवढी शांतता पसरली, की कुणाच्या तरी घरचा पंखा ऐकू यायला लागला.

"प्रॉडक्शनचा पोर्ट बंद करायचा? चालू पोर्ट?"

यात माझं म्हणणं साधं होतं, पण रात्री साधं म्हणणं कुणाला पटत नाही. अशा प्रत्येक सर्व्हरला डिस्कांकडे जायला दोन स्वतंत्र वाटा असतात, दोन वेगवेगळ्या स्विचांवरून. एक वाट मेली की सर्व्हर क्षणात दुसरीवर जातो. मेलेली वाट परवडते. आजारी वाट परवडत नाही. आजारी वाटेला सर्व्हर विचारतो, 'बरी आहेस ना?' ती म्हणते, 'बरी आहे,' कारण विचारपूस करणारी फ्रेम छोटी असते, ती कशीबशी सुखरूप पोचते. मग सर्व्हर तिच्यावर खरं ओझं टाकतो, ती कोलमडते, तीस सेकंद जातात. सर्व्हर तिला यादीतून काढतो, थोड्या वेळाने पुन्हा विचारतो, 'बरी आहेस ना?' रात्रभर हेच. हिरव्या दिव्याच्या आजारी पोर्टइतकं नुकसान मेलेला पोर्ट कधीच करत नाही.

"दुसरी वाट आहे ना पण?" मॅनेजरनी विचारलं.

"आहे की," सर्व्हरवाला म्हणाला. "डिझाइनमध्ये आहे."

"एकदा बघून घे," मी म्हणालो.

कीबोर्ड वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"सर, चार पाथ आहेत. त्यातले दुसऱ्या वाटेवरचे दोन्ही फेल्ड दाखवतायत."

"कधीपासून?"

"लॉग जिथपर्यंत आहे, तिथपासून."

दोन वाटा ठेवण्यातली मेख ही अशी. एक बंद पडली तर काम थांबत नाही, आणि काम थांबत नाही म्हणून एक बंद पडलीय हे कुणाला कळत नाही. अलर्ट गेले असतील का? गेले होते. ज्या मेलबॉक्सात गेले होते, तो मेलबॉक्स ज्याच्या नावावर होता, तो नोकरी सोडून बंगळुरूला गेला होता.

नवी मुंबईतल्या डेटा सेंटरात रात्रपाळीला एक मुलगा असतो. ज्यांना तिथे जायचं नसतं त्यांचे हात म्हणून तो काम करतो. त्याला फोन लावला. तो गेला, बघितलं आणि म्हणाला, "सर, केबल आहे, पण लटकतेय. तोंडावर टोपी घातलीय." म्हणजे कुणीतरी ती व्यवस्थित काढून, टोपी घालून, शिस्तीत लटकवली होती. परत लावायचं तेवढं राहिलं होतं. त्याने टोपी काढली, केबल लावली, टक् असा आवाज फोनवर आला, आणि माझ्या पडद्यावर 'नो लाइट'चं 'ऑनलाइन' झालं. सर्व्हरवाल्याने नव्या वाटा तपासल्या. मग मी आजारी पोर्ट बंद केला. ईओडी धावायला लागली.

"म्हणजे पोर्टच खराब होता ना?" मॅनेजर म्हणाले, आणि मिनिट्समध्ये तसंच आलं.

खरी गंमत पुढे. बंद केलेला पोर्ट बरा करायचा होता. स्विचच्या कंपनीच्या सपोर्टकडे केस उघडली. हा सपोर्ट पृथ्वीबरोबर फिरतो. दर आठ तासांनी नव्या देशात सूर्य उगवतो आणि नवा इंजिनिअर येतो. तो आधीचं काही वाचत नाही, कारण त्याला ताज्या नजरेने बघायचं असतं. प्रत्येकाला लॉगचा अख्खा गठ्ठा हवा असतो, आणि प्रत्येकाचा पहिला सल्ला फर्मवेअर अपग्रेड करा हा असतो. केबलीतून उजेड कमी येतोय म्हणून स्विचचं सॉफ्टवेअर बदला! पण फर्मवेअर अपग्रेड सुचवणाऱ्याला आजवर कुणी शिक्षा केलेली नाही.

शेवटी त्यांचा स्थानिक इंजिनिअर आणि मी प्रत्यक्ष डेटा सेंटरात गेलो. बाहेर मे महिन्याचं एमआयडीसी, आत जॅकेट घालावं अशी थंडी. गेटवर लॅपटॉपचा सीरियल नंबर रजिस्टरात लिहायचा. तो लॅपटॉपच्या बुडाला इतक्या बारीक अक्षरात असतो, की तिथला गार्ड आणि मी, दोघंही चष्मेवाले, तो उलटा धरून एकमेकांना वाचून दाखवतो. पुढे बोटांचे ठसे, पुढे बुटांवर निळ्या पिशव्या, आणि मग तो पंख्यांचा सततचा घोष, ज्यात माणूस समोर उभा राहून ओरडला तरी त्याचे फक्त ओठ दिसतात.

रॅकचं दार उघडलं, लॅपटॉप लावला, पोर्ट चालू केला. तो आठ गिगाबिटचा जुना पोर्ट. फ्रेम वाहत नसल्या तरी दोन्ही टोकं एकमेकांशी सतत काहीबाही बोलत असतात, आणि त्यात चूक झाली की 'एन्क आउट' नावाचा रकाना चढतो. म्हणजे तपासायला डेटाबेसची परवानगी लागत नाही. हे एक बरं.

इंजिनिअरने केबल काढली, तिचं टोक डोळ्यासमोर धरलं. तसं धरू नये. आतला लेझर ८५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसतही नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात मात्र कधीकधी जांभळट ठिपका चमकतो. मग त्याने ते टोक स्वतःच्या टी-शर्टला पुसलं. माझ्या पोटात कालवलं. त्या टोकाच्या मधोमध काचेचा जो गाभा असतो तो ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही बारीक. त्यावर धुळीचा एक कण बसला तरी उजेडाची वाट अडते, आणि हा गृहस्थ त्यावर अख्खा दिवसभराचा लोकल प्रवास चोळत होता. मी बॅगेतला क्लीनर काढला. पेनासारखं यंत्र असतं, टोकावर दाबलं की टक्कन आतली फीत सरकते आणि काच पुसली जाते. दोन्ही टोकं पुसली, केबल लावली. उजेड मोजला तर उणे तीन डीबीएम. फक्कड. रात्री हाच उणे बारा होता. दर तीन डेसिबलला उजेड निम्मा होतो, म्हणजे नऊ डेसिबलमध्ये आठपैकी सात हिस्से गडप झाले होते आणि आता परत आले. एन्क आउट शून्यावर स्थिर.

"धूळ होती सर," इंजिनिअर म्हणाला. दार लावलं, सह्या केल्या, बाहेर पडलो. वडापावच्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर मोबाईलवर अलर्ट आला: उणे बारा.

पुढच्या खेपेला सर्व्हर टीमचा माणूस आला. त्याच्या बाजूचा एसएफपी, म्हणजे केबल जिथे घुसते तो बोटभर लांबीचा उजेड पाडणारा तुकडा, थकला असावा असं आम्ही दोघांनीही ठरवलं. दार उघडलं. नवा एसएफपी बसवला. हे तुकडे ब्रँडेडच लागतात. दुसरा कुठला बसवला तर स्विच 'अमान्य मॉड्यूल' म्हणून तोंड फिरवतो, म्हणून दोन्हीकडे अस्सल, महागडे बसवले. उजेड उणे तीन! "बघा, एसएफपी होता," तो म्हणाला, जरा खट्टू होऊन, कारण तुकडा त्याच्या बाजूचा निघाला होता. दार लावलं. उणे बारा.

मग सपोर्टचा हुकूम आला: केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा. दार उघडलं, केबल शेजारच्या पोर्टात लावली. उणे तीन! चूक गायब! इतके दिवस जे सगळे म्हणत होते तेच खरं ठरलं, पोर्टच खराब. ब्रिजवर अभिनंदनं झाली. दार लावलं. संध्याकाळी नव्या पोर्टावर उणे बारा. सपोर्टने शांतपणे लिहिलं, 'तर दोन पोर्ट खराब आहेत असं दिसतं.' त्यापुढचं वाक्य: 'अख्खा स्विच बदलू.'

प्रत्येकाचा उपाय लागू पडत होता, हे या प्रकरणाचं वैशिष्ट्य. धूळवाल्याचा, एसएफपीवाल्याचा, पोर्टवाल्याचा. प्रत्येकाला आपलं निदान सिद्ध झाल्याचं समाधान मिळत होतं, आणि रोग जिथल्या तिथे होता. केबल बदलावी हे मी सुरुवातीपासून म्हणत होतो. पण केबलिंग हे त्या इमारतीच्या मालकांच्या अखत्यारीत. त्याला वेगळी विनंती, वेगळा अर्ज, वेगळा दर. चाळीस लाखांचा स्विच बदलायला एका मेलमध्ये मंजुरी मिळते. दोन हजारांची केबल बदलायला खरेदी विभाग तीन कोटेशनं मागतो.

उलगडा शेवटी गार्डने केला. आम्ही दार उघडं टाकून बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो. तिथल्या नियमाप्रमाणे रॅकचं दार फार वेळ उघडं राहिलं की कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते. गार्ड आला. मोठ्याने काहीतरी म्हणाला, ओठ दिसले. मग त्याने लॅपटॉपची वायर बाजूला धरून स्वतःच दार ढकललं. खट् झालं, आणि पडद्यावर एन्क आउट रिक्षाच्या मीटरसारखा बघता बघता पळायला लागला. मी दार उघडलं. थांबला. लावलं. पळाला. इंजिनिअरने आ वासला. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. गार्डला वाटलं आम्ही त्याची चेष्टा करतोय.

केबल बिजागरीच्या बाजूने वळून वर जात होती. दार लागलं की चौकटीत तिचा गळा आवळला जायचा, उघडलं की सुटायचा. काचेच्या तंतूतून उजेड वळणं घेत जातो, हे मोगा गावात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये लंडनमधून जगाला दाखवलं. काच पुरेशी शुद्ध केली तर हा उजेड लांबवर नेता येईल असं चार्ल्स काओंनी १९६६ मध्ये मांडलं, आणि त्याचं नोबेल त्यांना २००९ मध्ये मिळालं. पण वळण म्हणजे किती, यालाही मर्यादा आहे. केबलच्या जाडीच्या दहापटीहून लहान त्रिज्येत तिला वाकवू नये असा ठोकताळा आहे. तसं केलं की उजेड वळणावरच काचेच्या बाहेर निसटतो. आमचा सात-अष्टमांश उजेड रॅकच्या बिजागरीत सांडत होता, आणि आम्ही तो बघायला जाताना नेमकं सांडणं बंद करून जात होतो.

केबल काढून पलीकडच्या बाजूने फिरवली. दार लावलं. उणे तीन. बसून वाट पाहिली. उणे तीनच. पहिल्या पोर्टात परत लावली. तो बिचारा मुळात निरोगी होता. त्याने एवढे दिवस फक्त खरं सांगितलं होतं.

मूळ कारणाच्या अहवालात 'मूळ कारण' या रकान्यात लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं: हार्डवेअर, सॉफ्टवेअर, कॉन्फिगरेशन, मानवी चूक, इतर. दार यातल्या कशात बसतं यावर पाऊण तास चर्चा झाली. दार हे हार्डवेअर आहे असं सर्व्हरवाला म्हणाला. आमच्या हार्डवेअरच्या यादीत दार नाही, असं इमारतीच्या मालकांकडून आलं. दार माणसाने लावलं म्हणून मानवी चूक, असंही एक मत पडलं. गार्डचं नाव येतंय हे दिसल्यावर मी जोरात विरोध केला. त्या सगळ्या गोतावळ्यात काम केलेला माणूस तो एकटाच होता. शेवटी 'भौतिक स्तरावरील तात्पुरती विसंगती (इतर)' असं ठरलं. बदली स्विच तोवर निघाला होता. तो आला, खोक्यातच राहिला, कारण केस बंद झालेली, आणि बंद केसचा माल परत घ्यायला कंपनीकडे पर्याय नाही.

अहवालात प्रतिबंधक उपायही लिहावा लागतो. केबल हलवली, विषय संपला, असं लिहिलं तर ते फारच साधं दिसतं. म्हणून त्या दारावर सूचना लावली: 'स्टोरेज टीमला कळवल्याशिवाय हे दार बंद करू नये.' तिच्या बरोबर वर सुरक्षा विभागाची जुनी सूचना आहे: 'हे दार सदैव बंद ठेवावे.' दोन्ही लॅमिनेट केलेल्या आहेत, दोन्हींवर शिक्के आहेत. गार्ड मात्र नेमाने दोन्ही पाळतो. रात्री कधी दोनला, कधी तीनला त्याचा फोन येतो.

"सर, दार लावतोय हां."

"लावा."

"बरं सर. रजिस्टरला परवानगी कुणाची लिहू?"